उरलेली सतरा मिनिटं

स्मरणिकेत दोन पानं दिलीत मला,
त्यातलं अर्धं सूर्यगंध खत भांडाराच्या जाहिरातीला जाणार.
तेव्हा हरिपूर हमाल फुटबॉल मंडळाचा इतिहास
थोडक्यात लिहितो.

स्थापना एकसष्ट साली, नाहीतर बासष्ट;
पावतीपुस्तकावर एक आहे, शिक्क्यावर दुसरं.
मिरजेच्या रेल्वे चाळीतून कुणीतरी उसवलेला चेंडू आणला.
इलाही तांबोळीनं दाभणानं टाके घातले,
तरी एका अंगाला फुगीरच राहिला तो.
हरिपुरात डाव्या पायाचे खेळाडू जास्त का निपजले,
याचं शास्त्रीय कारण तेवढंच.

मैदान म्हणजे पेवांची माळ.
खाली वीस-वीस फूट हळद,
वर आम्ही.
कुठलं पेव भरलेलं, कुठलं रिकामं,
हमालांच्या पोरांना तळव्यानं कळायचं.
भरल्यावर चेंडू ठप्प बसायचा,
रिकाम्यावर घुमायचा, हातभर जादा उसळायचा.
बाहेरचे संघ म्हणायचे, यांनी काहीतरी करणी केलीय.
आम्ही कधी नाही म्हणालो नाही.

जर्सी: बारा बनियनं, हळदीत बुडवलेली.
पहिल्या सामन्याला पिवळीधमक.
मग येसू परटाच्या आईनं घाटावर साबण लावला
आणि किंचाळलीच.
बाराच्या बारा लाल, कुणाचा मुडदा पाडल्यागत.
पुढं उन्हानं ती कसल्याच रंगाची राहिली नाहीत.
नोंदणीच्या अर्जात रंगापुढं म्हणून मी लिहिलं होतं:
पिवळा, लाल, नंतर जमेल तसा.

सुबराव कोलप आमचा गोली.
पेवात उतरायचं काम त्याचं.
आधी तोंड उघडून ठेवायचं, वाफ जाऊ द्यायची,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर माणूस खाली जायचा नाही.
पेनल्टीलाही तो तसाच उभा राहायचा,
मारणाऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी खाली सोडून
वाट बघत.

अठ्ठ्याहत्तरचा मिरज मिशनशी सामना
मात्र सविस्तर लिहायला हवा.
एक-एक बरोबरी. सतरा मिनिटं बाकी.
त्यांच्या शामुवेल वाघमारेनं उंच मारलेला चेंडू
मधल्या वर्तुळाजवळ पडला
आणि पडतच गेला.
पेवाचं तोंड खचलं होतं.
सुबरावनं कंदील मागवला.
दोनदा सोडला, दोनदा विझला.
पंच आण्णाप्पा चौगुले गुडघे टेकून आत बघत राहिले,
मग शिट्टी खिशात घातली.
अहवालात त्यांचं अक्षर आहे अजून:
"चेंडू मैदानाच्या हद्दीतच आहे.
खेळ थांबवला, संपलेला नाही."
दुसरा चेंडू दोघांकडेही नव्हता.

नंतरच्या सत्तावीस वर्षांत चार करंडक, एक निलंबन,
वर्गणीवरून दोनदा भांडण. (यादी मागच्या पानावर, जागा उरली तर.)

दोन हजार पाचचं पाणी मैदानावरून आलं नाही,
मैदानातून आलं.
पेवं एकामागून एक बसली.
ओल्या हळदीचा वास दिवाळीपर्यंत हलला नाही.
मी आठवडाभर चिखलात काठी घालत फिरलो;
कप्पीचं एक चाक मिळालं, बाकी नाही.
सुबराव हे बघायला नव्हता.
त्याच्या खोकल्याबद्दल इतक्या वर्षांत
आमच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं.
हे छापायचं का, समितीनं ठरवावं.

आता पोरं कुपवाडला टर्फवर खेळतात, तासाला आठशे रुपये.
चेंडू सगळीकडे सारखाच उसळतो.
चांगली खेळतात, खोटं कशाला बोलू.

शामुवेलचा फोन येतो दर नाताळला.
गुडघ्याची वाटी बदललीय त्याची.
हॅलोसुद्धा म्हणत नाही.
"काय रे, ती सतरा मिनिटं?"
मी म्हणतो, तोंड उघडं ठेवलंय.
वाफ जाऊ दे जरा.