भोंगा

मातोझिन्युशच्या सार्डिन कारखान्याने
आईला, देओलिंदाला, निरोपाचं घड्याळ दिलं.
एक्केचाळीस वर्षांबद्दल. भिंतीवरचं.
सेल आपले आपण घालायचे.

बोटी लागल्या की भोंगा व्हायचा,
मग रात्रीचे दोन असोत की मला ताप असो.
डोकं, आतडं, डबा. डोकं, आतडं, डबा.
परतल्यावर बोटांना लिंबू चोळायची
आणि मगच मला जवळ घ्यायची.

परवा भोंगा झाला.
अंधारात एप्रन चाचपत
ती दारापर्यंत गेली अनवाणी.
"किती बोटी असतील गं?"
मी म्हटलं, झोप.

फळीवर तीन लिंबं सुकून खडा झालीत.
आज मी तिचा हात हुंगला.
साबण.
नुसता साबण,
बँकेतल्या एखाद्या बाईचा असावा तसा.