ग्रॅब

रितिशाच्या वहीत आज एकच शब्द:
ग्रॅब. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा.
मी म्हटलं, हा तर माझाच.
सोळा वर्षं त्याच्या लिव्हरवर हात आहे,
दिवाळ्याच्या जेट्टीपुढे, खाडीत, बार्जवर.
लोखंडाची ओंजळ. उघडी सोडायची,
गाळात बसू द्यायची, दोर ताणला की मिटते.
वर येता येता निम्मं पाणी गळून जातं.
उरतो चिखल, कधी एखादी निवटी,
कधी कुणाची एकच चप्पल.

तसं नाही हो बाबा, क्रियापद पाहिजे.

टिपणीसबाई वाचनालय बंद करत होत्या.
पर्समधला चष्मा परत काढला, जाडा कोश उतरवला.
डच, जर्मन किनाऱ्याकडचा दिसतो, म्हणाल्या.
पण अजून खाली गेलं, तर म्हणतात, आपल्याच घराशी येतो:
वेदातला गृभ्. पुढे भ झिजून ह झाला.
लग्नात तो हात धरतो, पुनवेला कधी चंद्र धरतो,
आणि तोंडातोंडांतून घासत
आपल्याकडे उरला, तो एवढासा:
घे.

आणि गुराब? मी विचारलं. चुलता सांगायचा,
शिडाची, पुढे निमुळती, दर्यावर तोफा घेऊन फिरायची,
तिलाही इंग्रज ग्रॅबच म्हणायचे.
ती निराळी, बाई हसल्या. तिचं कूळ अरबी.
कावळा.
आवाज सारखा म्हणून भाऊबंद नसतात सगळे.

येताना सेक्टर अकरातून आलो.
इथं आमचं मिठागर होतं, आता जिम आहे, वर दंतवैद्य.
आजाच्या सातबाऱ्यावर शिक्का: संपादित.
मिळवलेलं, असाच काहीतरी अर्थ असणार.
कुणाकडून, ते शब्दात लिहिलेलं नाही.
ह्याचं मूळ मी बाईंना विचारलं नाही,
कुलूप लावून झालं होतं त्यांचं.

घरी रितिशानं वाक्य करून ठेवलेलं:
माझे बाबा रोज खाडी ग्रॅब करतात.
बरोबर आहे?
स्पेलिंग बरोबर आहे, मी म्हटलं,
आणि खोडरबर हातात धरून तसाच बसलो.

आतून प्रमिला ओरडली, घे गो, निवतंय.
मान वर न करता पोरीनं हात लांब केला,
उघडा.
तांदळाची भाकरी, वर सुकट.
वहीवर तेल सांडलं थोडं.