व्हर्निअर

लॅमिंग्टन रोडला निघताना मी व्हर्निअर खिशात टाकला.
शर्वरी म्हणाली, पप्पा, तिथे कोणी मोजत नाही,
सगळी मापं लिहिलेली असतात.
असू दे, म्हटलं. ड्रॉइंगवरही लिहिलेलीच असायची.

तेहतीस वर्षं काढली टूलरूममध्ये, भांडुपला.
कागदावर पंचवीस, आणि हातातला शाफ्ट पंचवीसवर एक केस.
त्या एका केसापायी
आख्खी रात्रपाळी चहा पीत बसलेली पाहिली आहे.

तिच्याकडे जर्नलचं पान, पेन्सिलीने भरलेलं.
प्रोसेसर. त्याच सॉकेटचा बोर्ड, सेकंडहँड.
रॅम चारची, पाचची नव्हे,
पाचचीची खाच जरा सरकलेली असते, पप्पा,
दाबलंत तरी बसणार नाही.
खाली बेरीज, तीनदा खोडलेली.
पैसे तिचेच, दोन वर्षं नववीच्या पोरांना गणित शिकवलेले.
माझं फक्त कॅबिनेट,
कंपनीला टाळं लागलं तेव्हा भंगारच्या भावात उचललेलं,
इतकी वर्षं माळ्यावर, आत हिचे दिवाळीचे आकाशकंदील.

गालाशेठचं दुकान म्हणजे जिन्याखालची फट.
दोन गिऱ्हाइकं आत, तिसरं फुटपाथवर.
तो म्हणाला, बेन, पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको.
बाकी काही मेलं तर एकटं मरतं,
हा मेला तर सगळ्यांना घेऊन जातो.
मला माणूस आवडला. आमचा फोरमनही
मशीनला हात लावायच्या आधी लाइन तपासायचा.

ग्राफिक्स कार्ड आलं तेव्हा मी व्हर्निअर काढलाच.
जाडी घेतली, चाळीस आणि थोडी.
लांबी मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची.
सहा इंचांचं हत्यार, साडेदहा इंचांची वस्तू.
पोरगी दुसरीकडे बघत हसली.

घरी आलो आणि नऊ मिलिमीटर कमी पडले.
तिचा चेहरा मी बघितला नाही, ड्रिल शोधलं.
हार्डडिस्कचा पिंजरा चार रिव्हेटवर होता,
चारही उडवले, कड कानशीने मारली,
बुरादा लोहचुंबकाने टिपून घेतला, दोनदा.
खालच्या कांबळेबाईंनी छताला झाडू ठोकला.
कार्ड आत गेलं. आवाज झाला, टक्.
चांगल्या फिटचा आवाज बदललेला नाही.

मग बटण. पंखे फिरले, दिवे लागले,
पडदा काळाच.

सगळं जागच्या जागी होतं हो.
तेराशे एकतीस पिना, एकही वाकडी नाही.
तरी बोर्ड त्या प्रोसेसरला ओळखेना.
शर्वरी म्हणाली, बोर्ड आधीचा आहे,
हा त्याच्यानंतर जन्मला, नावच ठाऊक नाही त्याला.
आता एखादा जुना प्रोसेसर बसवायचा, तासाभरासाठी,
त्याच्या हातून नवं नाव शिकवायचं,
मग जुना काढायचा.
मी म्हटलं, बरं.
थोडा वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गालाशेठने खणातून एक काढून दिला,
पाठीवर पेस्ट वाळून खपली झालेली.
डिपॉझिट विचारलं, तर म्हणाला, ते खिशातलं ठेवून जा.

अकरा मिनिटं लागली.
त्या अकरा मिनिटांत लाइट जाऊ नये म्हणून
हिने फ्रीजसुद्धा बंद ठेवला होता.
आता रात्री दीडपर्यंत आतल्या खोलीत निळा उजेड असतो,
कुठल्याशा बर्फाच्या गावात पोरगी घोडा पळवते,
आणि पंख्याचा आवाज येतो, सारखा, न अडखळता.
मी कान देऊन ऐकतो. बेअरिंग ठीक आहे.

परवा जुना प्रोसेसर परत करायला गेलो.
गालाशेठ माझ्या व्हर्निअरने
कुणा पोराच्या फॅनची जाडी मोजत होता,
जबडा उलटा धरून.
मी सरळ करून दिला.
म्हटलं, राहू दे, घाई नाही.