मळ नव्हे

दांडिया बाजारात, शिलाई मशिनच्या दुकानावर
चौदा पायऱ्या चढून यावं लागतं माझ्या खुर्चीपाशी.
शेवटच्या पायरीवर कोण किती धापा टाकतं
तेही ऐकू येतं मला, पण तो माझा धंदा नाही.
माझा धंदा दोऱ्याचा.
एक टोक दातात, दोन बोटांत, मधे पीळ.
ओठ आत घ्या. गाल ताणून धरा. झालं हं, झालं.

सव्वीस वर्षं बायकांचे चेहरे इतक्या जवळून बघते,
उजेडात तितक्या जवळून त्यांचे नवरेही बघत नसतील.

दक्षाबेनच्या भुवया शेपटाकडून विरळ होत गेल्या.
म्हणाल्या, तूच जास्त ओढलंस.
ओढायला तिथे होतं काय?
हात कोरडे, पिठासारखी साय झडणारी,
भर मे महिन्यात अंगावर शाल.
गळ्याशी बोट नेऊन म्हटलं, इथलं एकदा तपासून घ्या.
त्या उठल्या आणि समोरच्या पार्लरमध्ये गेल्या.
दिवाळीला परत आल्या, पर्समध्ये गोळ्यांची बाटली.
रोज उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी.
ते "चहाच्या आधी"च त्यांना सगळ्यात जड गेलं.

बँकेतली कोकिळा माने,
जबड्याच्या कडेनं तिच्या पुटकुळ्या अगदी वेळेवर,
पाळी मात्र चार-चार महिने बेपत्ता.

नवरात्राच्या आठवडाभर आधी जिना दणदणतो.
गरब्याची चोळी, मागे दोन नाड्या फक्त,
तेव्हा सगळ्यांना आठवतं आपल्याला पाठ आहे ते.

इंगळेबाई लेकीला पुढे ढकलत आल्या.
शाल्मली. सोळा वर्षं. एवढ्या उकाड्यात केस मोकळे.
"हिची मान बघा. घास म्हटलं तर घासत नाही.
बेसन झालं, लिंबू झालं,
परवा मीच वज्री घेऊन बसले.
ब्लीच करून द्या, पहिल्या माळेच्या आत."

मी केस उचलले.
मानेवर काळी मखमल, घड्याघड्यांची,
मखमलीवर वज्रीचे लाल ओरखडे
आणि एके जागी खपली.
मुलगी आरशात माझ्याकडे बघत नव्हती,
आरशातल्या पंख्याकडे बघत होती.

हा मळ नव्हे, मी म्हटलं.
मी डॉक्टर नाही, नववी नापास आहे,
पण अशा माना मोजायच्या सोडल्यात मी.
नळ आत फुटतो, इंगळेबाई, ओल भिंतीवर दिसते.
तुम्ही भिंत घासताय.

"म्हणजे ब्लीच नाही करणार?"
नाही.
मोठ्या दवाखान्यात न्या. रक्त द्या. पाळीचंही सांगा.
"पाळीचं काय?"
तिला विचारा.
मुलगी पंख्याला म्हणाली,
"जूनमध्ये आली होती."

मग बराच वेळ खालच्या दुकानातलं मशिनच तेवढं बोलत होतं.
इंगळेबाईंचा हात, परवा वज्री धरलेला,
तिच्या मानेकडे निघाला
आणि मधेच थांबला, कुठे टेकावं न कळून.
पैसे किती, त्यांनी विचारलं. कशाचे, मी म्हटलं.

रात्री शटर अर्धं ओढून
मी माझीच हनुवटी दिव्यापाशी धरते.
दुसरीला दोरा. मला ब्लेड.
घरात कुणाला माहीत नाही, असं मी समजते.
कपाटात खाली, साड्यांच्या कागदाखाली एक फाईल आहे,
लग्नानंतर चौथ्या वर्षीची.
डॉक्टर म्हणाले होते वजन कमी करा, मग या.
वजन कमी झालं नाही.
मी गेले नाही.
शेजाऱ्याची भिंत बरी दिसते माणसाला.

सातव्या माळेला पोळाच्या तोंडाशी, माईकच्या गोंगाटात,
शाल्मली दिसली. केस वर बांधलेले, गजरा वाकडा.
टाळी एकदा चुकली, हसली, पुन्हा धरली.
मान होती तशीच काळी.
खपली तेवढी पडली होती.