साडेतीन फूट

सातपूरच्या शेडमध्ये इलियास मिस्त्री
डिकीत गुडघ्यांवर बसून
टेप ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो.
"साडेतीन फूट. पण चाकाची कमान
चार इंच खाते, मॅडम.
दोन्ही खण सारखे नाही होणार."

नकोतच सारखे.
उजवीकडे स्टोव्ह, दोर, पाण्याचा कॅन.
डावीकडचं
अजून काही ठरलं नाही.

मागची सीट काढून भिंतीला टेकवलीय.
तिच्या फटीतून निघालं
मनुका होऊन गेलेलं एक द्राक्ष
आणि केतकीचं कानातलं,
ज्याच्यासाठी आम्ही
कसाऱ्याच्या ढाब्यापर्यंत
उलटे गेलो होतो,
भांडत.

प्लायवर पेन्सिलची रेघ.
करवत सुरू होते, भुसा
माझ्या चहात.

"कुलूप बसवू?"

डाव्याला, म्हटलं.
फक्त डाव्याला.