काउंटरखालचे पाय

साडेतीन मिनिटांचा एक भाग, असे बारा.
रात्री सव्वा वाजता, दोन जाहिरातींच्या फटीत.
तोकोरोझावात खाली नूडल्सचं दुकान,
वर एका खोलीत आम्ही सहा जण.
मी रंग भरायचे.
म्हणून मालिका कशी होती ते मला विचारू नका.
विचारलंत, तर सगळंच सांगेन.

पैसे नव्हते, ते पडद्यावर दिसतं.
चालायला चित्रं लागतात,
चित्रांना माणसं, माणसांना पगार.
तेव्हा सगळी गोष्ट एका आडस्टेशनात,
हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर.
मागे नुकागा, बढती हुकलेला कारकून.
बारा भागांत त्याला कमरेखाली काही नाही.

आणि त्सुरुको, नवी लागलेली.
तिला पायही नाहीत आणि स्वभावही नाही.
लेखक अडला की ती किंचाळते,
लेखक फार अडायचा.
तिला आवाज देणारी ओगिने गरम पाणी पीत
एकदा म्हणाली, "ही घरी गेल्यावर काय करते?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
तिला घर काढायचं राहूनच गेलं होतं.

सातव्या भागात सगळे गरम झऱ्यांवर जातात.
त्याविषयी मी बोलणार नाही.
टॉवेल मी रंगवले, एवढं कबूल.

पण तिसरा भाग बघा.
एक म्हातारी येते, पिशवी खाली ठेवते, म्हणते,
"माझा नवरा हरवलाय."
नुकागा बघतो.
बावीस चौकटी काहीच हलत नाही,
पापणीसुद्धा नाही.
मग तो फॉर्म पुढे सरकवतो:
"रंग?"
म्हातारी विचार करून लिहिते, राखाडी.

तो राखाडी मीच घोटला होता,
तीनदा फिका केला होता,
तरी दरवेळी मला हसू फुटतं,
आणि हसून झाल्यावर घशात काहीतरी राहतं.
बावीस चौकटी कुवाबाताच्या.
दिग्दर्शक, हातात स्टॉपवॉच, चेहरा दगडी.
वीसला विनोद कच्चा, म्हणायचा, पंचविसाला शिळा.
बाकीचे वेळ मारून नेतात,
हा वेळेला जिवंत धरून ठेवायचा.

मग शेवटच्या भागात व्हायोलिन का?
अकरा भाग कोरडे राहिलो,
आणि बाराव्यात मुलीच्या लग्नाचं भाषण हरवलेला तो बाप
परत येतो, वाचतो, रडतो,
नुकागा रडतो, त्सुरुको किंचाळून रडते.
त्या दिवशी कुवाबाता स्टॉपवॉच घरी विसरला,
असं आम्ही एकमेकांना सांगायचो.
खरं म्हणजे त्याच महिन्यात त्याचे वडील गेले होते.
ते कळल्यावरही व्हायोलिन वाईटच आहे.

एक चूक माझी.
नवव्या भागात कोपऱ्यातली छत्री निळी,
दहाव्यात जांभळी.
पहाटेचे चार वाजले होते, डोळ्यांत वाळू.
आओमोरीहून एका मुलाचं पोस्टकार्ड आलं:
छत्री रंग बदलते, कारण तिला सापडायचंच नाही,
बरोबर ना?
कुवाबाताने उत्तरात एकच शब्द लिहिला.
बरोबर.
अख्ख्या मालिकेतला सगळ्यात चांगला विनोद,
आणि तो आम्ही केलेलाच नाही.

खोली आता बंद आहे, नूडल्स चालू.
गेल्या मंगळवारी मी गाडीत छत्री विसरले.
खऱ्या काउंटरवर गेले.
पलीकडचा तरुण माझ्याकडे बघत राहिला,
मी मनात मोजत होते, अठरा, एकोणीस...
"रंग?" तो म्हणाला.

सव्वीस वर्षं रंग भरलेत मी.
मला आठवेना.

त्याला हसू आलं नाही, मला आलं.
तो उठला आणि आत शोधायला गेला,
चालत,
दोन्ही पायांनी, बुटाची एक नाडी सुटलेली,
पावलाला सहा चित्रं,
कुणी न काढलेली.
मी काउंटरवरून वाकून बघत राहिले.