भीती आला काय

गुरुवारी चारला फोन येतो.
बेळगावच्या दवाखान्यातल्या नीलांबिका मॅडम
मराठी जपून बोलतात,
काठोकाठ भरलेली घागर नेल्यागत.
"अंबूताई, ऊट आयता?
आज भीती आला काय?"

पहिल्यांदा हसू आलं,
तोंडातल्या फोडांनी नीट हसू दिलं नाही.
म्हटलं, आला नाही मॅडम, आली म्हणायचं.
बाई आहे ती.

होतीच बाई.
कोगनोळी नाक्यावर बॅरिकेड पडले,
कोल्हापूरचा तिसरा डोस पलीकडं राहिला,
त्या रात्रीपासून माझ्याच उशीवर,
गळालेले केस मोजत.
सून ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची
(माझ्याच जिवासाठी, कळतं मला)
त्यातलं निम्मं हीच जेवायची.
बाईला घराबाहेर कसं काढायचं?

पुढच्या गुरुवारी मॅडम पुन्हा चुकल्या.
"भीती कुठं बसलाय आज?"
मी दुरुस्त केलं नाही.
खिडकीतून बघितलं.
रेशन दुकानापुढं चुन्याची वर्तुळं,
एकेकात एकेक माणूस, पिशवी धरून.
म्हटलं, तो होय?
तो बाहेर आहे, मॅडम. शेवटच्या वर्तुळात.
मास्क नाकाखाली आलाय त्याचा.

नाका कधी उघडणार, त्यांनाही ठाऊक नव्हतं.
गाठ आहे तिथंच आहे.
फोन ठेवून सूप पुढं ओढलं,
पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधला.
वाकडाच झाला.

तिन्हीसांजेला रांग मोडली, तो उभाच.
मॅडम म्हणाल्या होत्या,
कन्नडात भीती बाई नसते, बाप्याही नसतो.
खिडकीतूनच म्हटलं,
निल्लु.